ब्रेकची तबकडी कधी बदलायची?

एखादी आलिशान मोटार उभी दिसली, तर तिच्या चाकाच्या आऱ्यांतून आत डोकावून पाहा. एक चकाकणारी बिडाची तबकडी दिसेल. चालकाने ब्रेक दाबला, की दोन पॅड तिला चिमटीत धरतात आणि मोटारीच्या गतीची घर्षणाने उष्णता होते.

किती उष्णता? २,००० किलोग्रॅमची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ७ लाख ७० हजार ज्यूल भरते. एवढ्यात दोन लिटर गार पाणी सहज उकळेल! वेग दुप्पट झाला, तर उष्णता चौपट.

ही उष्णता मुख्यतः तबकड्याच पोटात घेतात. झिजून पातळ झालेली तबकडी तेवढ्याच उष्णतेने अधिक तापते. लांबलचक घाट उतरताना तिला तडे जाऊ शकतात. ब्रेकमधला द्रव उकळून त्याची वाफ झाली, तर पेडल नुसतेच खाली जाते; मोटार थांबत नाही!

म्हणून 'किती किलोमीटरनंतर बदलायची?' हा प्रश्नच फसवा आहे. गर्दीच्या शहरात ती लवकर झिजते, मोकळ्या रस्त्यावर सावकाश. किमान जाडी बहुधा तबकडीवरच कोरलेली असते. नव्या तबकडीपेक्षा ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर कमी! कारागीर सूक्ष्ममापीने मोजतो आणि तो आकडा आला, की एका आसावरच्या दोन्ही तबकड्या बदलतो.

विजेवरच्या मोटारीची मात्र गंमतच आहे. वेग कमी होताना ती वीज तयार करून बॅटरीत भरते. ब्रेकला काम थोडे, त्यामुळे तबकडी झिजण्याऐवजी गंजते!