चकाचक नको, टिकाऊ हवी!

सोफा कंटाळा आला की बदलता येतो, पडदे दर दिवाळीला. फरशी मात्र एकदा बसली की बसली. म्हणून हॉलच्या फरशीचा निर्णय कॅटलॉग बघून नाही, घरातल्या माणसांचे पाय बघून घ्यायचा!

आपल्याकडे हॉल म्हणजे नुसती 'लिव्हिंग रूम' थोडीच असते? सकाळी तिथे चहा-पेपर, दुपारी मुलांचा होमवर्क, संध्याकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट आणि पाहुणे मुक्कामाला असले की रात्री चार गाद्या. गणपतीत पाट-चौरंग, पावसाळ्यात निथळणाऱ्या छत्र्या. शिवाय रोज केर आणि रोज ओलं फडकं. इंटिरिअरच्या फोटोंमधले हॉल यातलं काहीच सोसत नाहीत. आपल्या फरशीला मात्र हे सगळं वीसेक वर्षं निभवायचं असतं.

आमचा ठाण्यातला फ्लॅट जुना, रिसेलचा. हॉल 12 बाय 15, म्हणजे 180 स्क्वेअर फूट. राहणारी माणसं चार : आम्ही दोघं, पाच वर्षांचं एक वादळ आणि सासूबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी दोन शब्दांत बजावलेलं, 'पडायचं नाही!' बजेट म्हणाल, तर ईएमआय भरून उरेल तेवढं. त्यामुळे 'दिसायला कशी?' हा प्रश्न आमच्या यादीत आपोआप शेवटी गेला. खरं सांगते, त्यामुळेच निवड सोपी झाली.

आधी आहे ती बघा

सगळ्यात स्वस्त फरशी कुठली? जी घरात आधीच आहे ती! जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक ठिकाणी मोझॅक असतं, म्हणजे सिमेंटमध्ये मार्बलचे तुकडे घालून बनवलेली लादी. काळवंडली, डाग पडले की आपण तिला बाद ठरवतो. पण या लादीचा वरचा थर चांगला जाड असतो. मशीनने घासून पॉलिश केलं की आतला ताजा भाग वर येतो. दोन-तीन दिवस घरभर राखाडी चिखल होतो, तो सोसायची तयारी हवी; पण तोडफोड नाही, राडारोडा नाही.

अट एकच, लाद्या घट्ट असायला हव्यात. चमच्याच्या दांड्याने ठोकून बघा. 'टक्' असा भरीव आवाज आला तर पॉलिश करून घ्या आणि वाचलेल्या पैशांत गोव्याला जाऊन या. 'ढब' असा पोकळ आवाज जागोजागी आला, किंवा मधला भाग खचलेला असला, तर मात्र पॉलिशने काम भागत नाही. आमचा निम्मा हॉल 'ढब' निघाला.

शोरूमची भाषा

टाइल्सच्या दुकानात शिरलं की पहिली दहा मिनिटं काही कळत नाही. डबल चार्ज, जीव्हीटी, पीजीव्हीटी, फुल बॉडी... पण गणित सोपं आहे. साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते. व्हिट्रिफाइड टाइल साधारण 1200 अंशांवर भाजलेली असते आणि ती 0.5 टक्के किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते. त्यामुळे ती जास्त टणक असते. हॉलसाठी व्हिट्रिफाइडच घ्यावी.

आता तिच्यातले प्रकार. 'डबल चार्ज'मध्ये रंगाचा वरचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, म्हणून ती झिजली तरी चटकन कळत नाही. 'जीव्हीटी'मध्ये डिझाइन छापून वर ग्लेझ चढवलेलं असतं. लाकूड, मार्बल, हवी ती नक्कल मिळते, पण टिकाऊपणा त्या ग्लेझवर अवलंबून. अशा टाइलचं 'पीईआय' रेटिंग विचारा. ते 0 ते 5 असतं आणि गर्दीच्या हॉलला 4 बरं. 'फुल बॉडी'मध्ये रंग आरपार असतो, किंमतही तशीच!

आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीहून येतात. त्यामुळे नाव वेगळं आणि माल साधारण सारखा, असंही दिसतं. ब्रँडपेक्षा बॉक्सवरचा ग्रेड बघा आणि सगळ्या बॉक्सवर एकच बॅच आणि शेड नंबर असल्याची खात्री करा. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये फट दिसली तर टाइल वाकडी आहे.

मार्बल, कोटा आणि शहाबादी आवडत असेल तर एक लक्षात ठेवा, हे दगड आंबटाला घाबरतात. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की चमक उडते. कोटा टिकाऊ आहे, खिशालाही परवडतो, पण अधूनमधून पॉलिश मागतो.

लाकडाची हौस

वुडन फ्लोअरिंग कुणाला आवडत नाही? नवऱ्याचा जीव त्यावर जडला होता. लॅमिनेट एका दिवसात बसतं, आहे त्या फरशीवर बसतं, पायाला ऊबदार लागतं. पण त्याच्या पोटात लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड असतो. जोडांतून पाणी आत गेलं की तो फुगतो, आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. रोज ओल्या फडक्याने पुसणाऱ्या घरात, त्यात कोकणपट्टीच्या पावसाळ्यात, ही जोखीम कशाला? हौस असेल तर बेडरूममध्ये भागवा. हॉलमध्ये लाकडाचाच लूक हवा असेल तर एसपीसी बघा. दगडाची पूड आणि पीव्हीसीच्या या पट्ट्यांना पाण्याचं वावडं नसतं. मात्र खालची फरशी एका पातळीत हवी. आमची खचलेली, म्हणून तोही पर्याय गेला.

ओल्या पायाची परीक्षा

शेवटी दोन सँपल घरी आणले : एक पांढरी ग्लॉसी, एक राखाडी-बेज ठिपक्यांची मॅट. दोन्ही दारापाशी ठेवल्या आणि वर पाणी ओतलं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून आधी ग्लॉसीवर पाऊल टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. मग मॅटवर उभ्या राहिल्या. हात सोडला. म्हणाल्या, 'हीच घे गं. ती दुसरी काय, आरशावर उभं राहिल्यासारखं वाटतं.'

विषय तिथेच संपला!

दुकानदाराचं म्हणणं होतं, 'मॅडम, मॅटवर मळ बसतो.' थोडा बसतो, खरंय. पण बाहेरून येणारी बारीक वाळू ग्लॉसी पॉलिशवर ओरखडे पाडते आणि जाण्यायेण्याच्या वाटेवरची चमक काही वर्षांत जाते. मग ना धड चमक, ना धड पकड. पांढऱ्यावर केस दिसतो, काळ्यावर धूळ आणि पावलं. मधला, ठिपक्यांचा रंग दोन्ही झाकतो. जुनं मोझॅक वर्षानुवर्षं हेच तर करत आलंय! दोन्ही सँपलवर हळद-तेलाचा थेंब रात्रभर ठेवून बघितला. सकाळी साबणाने निघाला.

खर्च टाइलच्या खाली

दुकानात फक्त टाइलचा भाव सांगतात. जुनी फरशी काढणं, राडारोडा उतरवणं, वाळू-सिमेंट चढवणं, मजुरी, स्कर्टिंग, दारं खालून कापणं, हे सगळं त्यानंतर येतं. आधीच लेखी एस्टिमेट मागा.

'जुन्यावरच नवी चिकटवा की' असा सल्ला हमखास मिळतो. फरशी घट्ट असेल तर तो चालतो. पण पातळी अर्धा इंच वर येते आणि आमच्याएवढ्या हॉलवर नुसत्या टाइल्सचंच साडेतीनशे किलोच्या आसपास वजन वाढतं. जुन्या बिल्डिंगमध्ये सोसायटीला आणि इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नका. आम्ही जुनी काढूनच टाकली.

बचत कुठे केली? मोठ्या स्लॅबऐवजी 2 बाय 2 घेतली. ती कापताना कमी वाया जाते आणि कुठल्याही मिस्त्रीला बसवता येते. बॉर्डर, डिझाइन, सगळ्याला फाटा दिला. कंजूषी कुठे केली नाही? अ‍ॅडहेसिव्हमध्ये. व्हिट्रिफाइड पाणी शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही आणि काही वर्षांत पोकळ वाजायला लागते. मिस्त्री म्हणाले, 'ताई, जॉइंट-फ्री करू, मस्त दिसेल.' मी म्हटलं, 'दादा, दोन मिलिमीटरचे स्पेसर लावा.' उन्हाळ्यात टाइल्स जराशा फुगतात. जागाच ठेवली नाही तर एखाद्या दुपारी धाडकन वर उचलल्या जातात.

खरेदीला निघताना

* 2 बाय 2च्या चार टाइल्सच्या बॉक्समध्ये साधारण साडेपंधरा स्क्वेअर फूट भरतात. 180 स्क्वेअर फुटांच्या हॉलला 10 टक्के वाया जाणं धरून 13 बॉक्स लागतात. एक जास्तीचा घेऊन माळ्यावर ठेवा, पुढे तीच शेड मिळेलच असं नाही.
* अ‍ॅडहेसिव्हच्या पिशवीवर 'आयएस 15477' छापलंय का बघा.
* जिथे जेवता तिथे इपॉक्सी ग्राउट भरा. सिमेंटचं ग्राउट हळदीने पिवळं पडतं.
* पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक टाइल ठोकून बघा, कोपरे आणि मध्यसुद्धा.
* आणि सँपल घरी आणा. ओलं करा. घरात ज्यांचं पाऊल सगळ्यात डळमळीत आहे त्यांना, हात धरून, त्यावर उभं करा. त्यांनी हात सोडला की ऑर्डर द्या!