पेन्सिल, फोन आणि भडकल दरवाजा

महाराष्ट्रातल्या कुणाच्याही हातात कागद द्या आणि म्हणा, निसर्गचित्र काढा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून वर आलेला अर्धा सूर्य, वळणं घेत खाली येणारी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी वाकलेला नारळ. छत्रपती संभाजीनगरात जन्म काढलेला माणूसही हेच काढतो. इथे नारळ मुद्दाम शोधावा लागतो आणि डोंगर त्रिकोणी नाहीतच. शहरालगतच्या सातारा परिसरामागचा डोंगर घ्या किंवा बीबी का मकबऱ्यामागची लेण्यांची रांग घ्या; बेसॉल्टचे थर एकावर एक बसलेले आणि माथा बहुतेक सपाट. त्रिकोणाच्या जवळ जाणारा एक देवगिरी, पण त्याचाही पायथा माणसाने उभा तासून काढलाय. हे सगळं येता-जाता डोळ्यांसमोर असतं, तरी कागदावर शाळेतलाच डोंगर उतरतो.

असं होतं, कारण ते चित्र डोळा काढत नाही, हात काढतो. हाताला त्याची सवय झालेली असते. 'रोज थोडं तरी चित्र काढायचं' असं ठरवणाऱ्यांची खरी अडचण इथून सुरू होते. त्यांना सवय लावून घ्यायची असते, आणि चित्रात नको त्या जागी सवय शिरली की बघणं थांबतं. मग ती लावायची कुठे? मेंदूच्या आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत या प्रश्नाच्या दोन्ही टोकांवर बरंच काम केलं आहे. त्यातलं बहुतेक चित्रकारांसाठी केलेलं नाही, तरी त्यांच्या कामाचं आहे.

टाउन हॉलजवळच्या भडकल दरवाज्यासमोर सकाळी वही घेऊन उभे राहा. मोगलांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने १६१२ मध्ये तो बांधला. समोर डॉ. आंबेडकरांचा पुतळा, भोवती रिक्षा, दुचाक्या, हॉर्न. तुम्हाला फक्त कमानीची डावी बाजू काढायची आहे. नजर कमानीवर जाते, वळसा पकडते, कागदावर उतरते आणि रेघ ओढली जाते. रेघ ओढताना डोळा कागदावर असतो, म्हणजे त्या क्षणी दरवाजा दिसतच नसतो. कागदावर येतो तो डोक्यात क्षणभर टिकलेला वळसा. टोकाशी कमान किती झपकन वर चढते, हे त्या क्षणात निसटलं तर हात आपल्या ओळखीची गोलसर कमान काढून मोकळा होतो. मंदिराची, मशिदीची, लग्नाच्या मंडपाची, कुठलीही.

ही क्षणभराची साठवण फार तोकडी असते. स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी १९९७ मध्ये रंगीत चौकोन आणि रेघा दाखवून केलेल्या प्रयोगांत माणसाच्या दृश्य स्मृतीत एका वेळी साधारण चारच गोष्टी टिकतात असं दिसलं. मुरलेल्या चित्रकाराची साठवण काही फार मोठी असते असं नाही. तो ती वापरतो वेगळ्या रीतीने. ख्रिस मायल आणि जॉन चालेन्को या संशोधकांनी ब्रिटिश व्यक्तिचित्रकार हम्फ्री ओशन यांच्या नजरेचा आणि हाताचा माग यंत्राने घेतला. ओशन मॉडेलकडे बघत तेव्हा नजर एका जागी ठरे, आणि नेहमीच्या बघण्यापेक्षा जास्त वेळ ठरे. नवख्यांची नजर त्याच वेळात दोन-चार ठिकाणी भिरभिरून येई. ओशन एका नजरेत थोडंच उचलत, पण पक्कं उचलत. मिनिटात कितीतरी वेळा हे वर-खाली चालू.

आता खिशातला फोन थरथरला असं समजा. तुम्ही तो काढलाही नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं. लक्ष लागणाऱ्या कामात गुंतलेल्यांच्या फोनवर सूचना किंवा कॉल येत राहिले. फोनला हात न लावताही त्यांच्या चुका वाढल्या. कुणाचा असेल, एवढा एक विचार पुरतो. चार खणांच्या साठवणीतला एक खण त्याने घेतला की कमानीचा वळसा गेलाच.

पण मग हॉर्नचं काय? माझ्या मते शहराच्या गोंगाटाला आपण उगाच जास्त दोष देतो. एकसारखा चालू असलेला आवाज मेंदू हळूहळू मागे ढकलतो. आपल्याला उद्देशून असलेला आवाज मात्र तो सोडत नाही. नेव्हिल मोरे यांच्या १९५९ च्या प्रयोगात लोक एका कानातल्या मजकुराकडे लक्ष देत होते, दुसऱ्या कानातलं त्यांना जवळजवळ काही कळत नव्हतं. पण त्यात स्वतःचं नाव आलं की अनेकांचे कान टवकारत. गुलमंडीच्या गर्दीत शेकडो लोक बोलत असतात आणि चित्र चालू राहतं. मागून कुणी 'अहो जोशी' म्हटलं आणि तुम्ही जोशी असलात, की संपलं. फोन दिवसभर हेच करतो, तुम्हालाच हाक मारतो. म्हणून शांत खोली मिळेपर्यंत थांबण्यात काही हशील नाही. फोन घरी राहिला किंवा बंद झाला, तर भर चौकातही चित्र होतं. सरकारी कला महाविद्यालयाच्या मुलांना स्केचिंगसाठी बसस्थानक, रेल्वे स्टेशन, आठवडी बाजार अशा ठिकाणी धाडतात ते काही उगाच नाही.

झालं बघण्याचं. आता रोज बसण्याचं.

'एकवीस दिवस केलं की सवय लागते' हे आपल्याकडे सुविचाराच्या फळ्यापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे असतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात सापडतं. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आरशातला नवा चेहरा आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. 'निदान' गळून गेला, नाकही गळून गेलं, आकडा राहिला. प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी आपल्या पसंतीची एकेक गोष्ट निवडली: जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं. बारा आठवडे ते रोज नोंद करत होते की आज हे किती आपोआप झालं. २०१० मध्ये निकाल आले. ज्यांच्या नोंदींतून स्पष्ट आलेख निघाला त्यांच्यात मधला आकडा ६६ दिवसांचा होता. टोकं मात्र १८ आणि २५४ अशी. बारा आठवड्यांपलीकडचे आकडे अर्थात आलेख पुढे नेऊन काढलेले अंदाज. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला साधारण दीडपट वेळ लागला. चित्र काढणं या दोहोंत कुणाच्या जवळचं आहे हे सांगायला नको.

याच अभ्यासातलं एक निरीक्षण मला ६६ पेक्षा मोलाचं वाटतं. एखादा दिवस चुकला तर सवय बनण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम होत नाही. आपल्याकडे नेमकं उलट होतं. पाहुणे आले, वही उघडली नाही, दुसऱ्या दिवशी 'आता मोडलंच आहे' म्हणून ती कपाटात जाते ती दिवाळीच्या आवराआवरीतच बाहेर येते.

सवय धरते ती वेळेला आणि जागेला. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'जर-तर' योजनांवर आयुष्य घालवलं. 'मी रोज चित्र काढेन' हा संकल्प हवेत राहतो. 'संध्याकाळचा चहा गाळून कप ओट्यावर ठेवला, की वही उघडून तो कप काढेन' या वाक्याला मात्र खुंटी मिळते. त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र करून पाहिले. अशा नेमक्या योजनांचा परिणाम चांगला ठसठशीत निघाला. खुंटी मात्र रोज येणारी हवी. जायकवाडीचं धरण उशाला असूनही या शहराने नळाला आठ-आठ दिवस पाणी नसण्याची वर्षं काढली आहेत. 'पाणी भरून झालं की काढीन' असं इथे कुणी ठरवलं असतं तर त्याची सवय कधी लागली असती, याचा हिशेब लॅलीबाईंनाही जमला नसता.

या सगळ्याचा मेंदूतला धागा एमआयटीतल्या ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत सापडतो. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या बोळात उंदरांना चॉकलेटच्या ओढीने पळायला शिकवलं. सुरुवातीला त्यांच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागातल्या पेशी सगळ्या पळण्यात जाग्या असत. वाट अंगवळणी पडली तशी हालचाल दोन टोकांना गोळा झाली: निघताना एकदा आणि पोचल्यावर एकदा. मधलं सगळं एखाद्या गाठोड्यासारखं बांधलं गेलं. उघडून बघण्याची गरजच उरली नाही.

माझ्या लेखी चित्र काढणाऱ्याला हवं ते सगळं या प्रयोगात आहे. निघणं आपोआप व्हायला हवं: जागा तीच, वेळ तीच, पेन्सिल टोक केलेली, वही हाताशी, निर्णय कसलाच नाही. मधलं गाठोडं मात्र बांधू द्यायचं नाही. ते बांधलं गेलं की शाळेतले डोंगर, बदामी डोळे आणि पाच पाकळ्यांचं फूल कागदावर आलंच. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना आपल्याकडे लाखो मुलं बसली. स्मरणचित्र हा त्या परीक्षेतला उत्तम विषय. पण घोटून घोटून तोच बाजार आणि तोच हळदीकुंकवाचा प्रसंग पाठ करून जाण्याची प्रथा पडली, आणि दहावीला गुण मिळाले की वही बंद झाली. मुलांना सवय लागली होती, फक्त भलत्या जागी.

निघणं आपोआप आणि बघणं जागं, असं वर्षानुवर्षं चाललेलं काम पाहायचं तर शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. अजिंठा गावच्या बारादरीत त्याचा मुक्काम होता. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेमुळे तो आणि त्याची प्रेयसी पारो मराठी वाचकाला ठाऊक आहेत, पण त्याच्या कामाच्या दिवसांचा विचार आपण क्वचितच करतो. काळोख्या गुहेत भिंतीवरचा आकार डोळ्यांत धरायचा, वळायचं आणि मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायचा. आजारपणं होती. शिकारीचा नाद होता. पुढे तर कॅमेराही हाती आला आणि त्याने लेण्यांची जोडछायाचित्रं टिपली, ती जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. विचलित व्हायला आजच्या माणसाकडे आहे ते जवळपास सगळं गिलकडेही होतं, आणि काम रखडतच चाललं. तरी वर्षं जात राहिली आणि कॅनव्हास लंडनला पोचत राहिले. १८६६ मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, त्यात बहुतेक जळाले. गिल या भागातच राहिला. १८७९ मध्ये वारला, कबर भुसावळला आहे.

त्याच्यामागून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांचं काम चाललं. त्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. उरलेल्यांवरून आणि टिपणांवरून पुढे ग्रिफिथ्सचे दोन भव्य खंड निघाले. मग १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांचा तळ फर्दापूरला पडला. सोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्ता, के. वेंकटप्पा हे तरुण आणि हैदराबादकडून आलेले सय्यद अहमद व मोहम्मद फजलुद्दीन. हिवाळा संपला की तळ उठे, पुढच्या हिवाळ्यात तीच वाट, तीच भिंत. महिनोन्महिन्यांच्या खंडाने त्या मंडळींचा हात मोडला नाही, कारण जागा आणि निमित्त पक्कं होतं. सय्यद अहमद तर पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्यातर्फे अजिंठ्याचे क्युरेटर झाले आणि नकलांचं काम त्यांनी तिथेच चालू ठेवलं.

नकला करणाऱ्यांपुढचा पेच मात्र सवयीचाच होता. युरोपात किंवा जे. जे.त छायाप्रकाशाने गोलाई दाखवायला शिकलेला हात अजिंठ्याच्या भिंतीसमोरही तीच गोलाई काढू बघतो. भिंतीवरचा चितारी मात्र खांद्याचा उतार एका रेघेत सांगून मोकळा झालेला असतो. गिलच्या तैलचित्रांत मला हा झगडा दिसतो. हेरिंगहॅमबाईंच्या चमूची रेघ त्या मानाने भिंतीचं जास्त ऐकते. पहिल्या हिवाळ्यात नंदलाल बोस सत्तावीस वर्षांचे होते. पुढे शांतिनिकेतनात गेल्यावर त्यांनी भलीमोठी भित्तिचित्रं केली, आणि जन्मभर खिशात मावणाऱ्या कार्डांवर दिसेल ते टिपलं: शेळी, झाड, ओझं घेऊन चाललेली बाई. त्यातली कित्येक कार्डं त्यांनी विद्यार्थ्यांना आणि आप्तेष्टांना टपालाने पाठवली. कार्ड चार बोटांचं असल्याने सुरुवात करायला धीर गोळा करावा लागत नाही, आणि निघण्याचा खर्च जितका कमी तितकी सवय लवकर धरते. नवी मोठी ड्रॉइंग बुक आणि छत्तीस रंगांची पेटी घेऊन संकल्प करणाऱ्यांचं नेमकं इथेच फसतं.

आपल्या शहरात सुरुवात करायला पाणचक्की बरी. मे महिन्यातही तिथल्या जुन्या वडाखाली आणि हौदाच्या काठी तासभर बसवतं. वडाच्या पारंब्या काढताना हात हटकून सरळ उभ्या रेघा ओढू लागतो. जरा टक लावून पाहिलं तर त्यातली एकही सरळ नसते. शहराचे दरवाजे सकाळी दहाच्या आत उरकावेत, नंतर दगडावरची सावली तुटते आणि समोर रिक्षा येऊन उभी राहते. राहू द्यावी. ती हटेपर्यंत रिक्षा काढावी.