मशीन डबीत पडून राहू नये म्हणून

मी दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन लावते आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात, नव्यानं मशीन घेतलेल्यांना मदत करणारे स्वयंसेवक तयार करते. मशीन घेऊन दिलं की काम झालं, असं घरच्यांना वाटतं. खरं काम तिथून पुढे असतं. कित्येक मशीनं डबीत पडून राहतात, आणि कारण बहुधा अगदी साधं असतं.

सेलचंच घ्या. बटणाएवढा झिंक-एअर सेल हवेवर चालतो. रंगीत स्टिकर काढल्यावर आत हवा शिरू द्यायची, चार-पाच मिनिटं थांबायचं, मगच सेल मशीनमध्ये घालायचा. स्टिकर परत चिकटवला तरी सेल उतरायचा थांबत नाही. ३१२ नंबरचा स्टिकर तपकिरी, १३चा नारिंगी, ६७५चा निळा. मशीनवरची लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. हे सांगायला वेळ लागत नाही. संधिवातानं आखडलेल्या बोटांना सेलचं झाकण उघडायला मात्र लागतो. म्हणून मी स्वयंसेवकांच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळते आणि सेल बदलायला लावते. मग ते शिकायला आलेल्या आजींना घाई करत नाहीत. आणि एक बजावते: मशीन त्यांच्या हातातून काढून घ्यायचं नाही. तुम्ही बसवून दिलंत, तर उद्या त्या पुन्हा तुमचीच वाट पाहतील.

शिट्टी वाजली की लोक मशीन बिघडलं म्हणतात. बहुतेक वेळा मशीनचा कानात बसणारा भाग, म्हणजे मोल्ड, नीट बसलेला नसतो, किंवा कानात मळ असतो. मळ काढायला टाचणी, काडी काहीही घालायचं नाही. पावसाळ्यात रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं.

सर्वात अवघड असतात पहिले आठवडे. वर्षानुवर्षं कमी ऐकलेल्या मेंदूवर पंखा, भांडी, कुकर सगळं एकदम आदळतं. “आवाज येतो, पण बोलणं कळत नाही,” ही तक्रार खरी असते. तिला हसू नये. सुरुवात घरात, एका माणसाशी समोरासमोर बोलून करायची. मग रोज थोडा वेळ वाढवायचा. कीर्तनात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये लांबचा आवाज मशीनलाही नीट पकडता येत नाही. तिथे बोलणाऱ्याजवळ ठेवायचा वायरलेस माइक लागतो, नाहीतर बोललेलं मराठीत लिहून दाखवणारं लाइव्ह ट्रान्सक्राइब हे फोनमधलं ॲप. ते २०१९ साली गूगलनं गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाच्या मदतीनं आणलं.

स्वयंसेवकानं आपली हद्दही ओळखली पाहिजे. मशीनचं सेटिंग ऑडिओलॉजिस्टच करणार. अचानक ऐकू येईनासं झालं, कान वाहू लागला, चक्कर आली, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना ऐकण्यासाठी उपचार वा साधनांची गरज आहे. एवढ्यांना तज्ज्ञ पुरणार नाहीत. म्हणून प्रशिक्षण दिलेल्या इतर माणसांनी काही कामं उचलावीत, असं याच संघटनेनं २०२४ मध्ये सुचवलं. अमेरिकेतल्या हिअरिंग लॉस असोसिएशननं तर ऐकू कमी येणाऱ्यांमधूनच ऐकण्याची साधनं वापरायला शिकवणारे प्रशिक्षक घडवले. ते मला फार पटतं. तुमचं मशीन तुम्हाला सवयीचं झालं असेल, तर तुमच्या संघात, सोसायटीत नव्यानं मशीन घेतलेल्या एखाद्या माणसाशेजारी पहिले काही आठवडे जाऊन बसा.