एका लाल टोपीमागे चार गावे

अरियाना 6 किलोमीटर, अल-बतान तीस-पस्तीस, अल-आलिया आणि झगवान प्रत्येकी पंचावन्न-साठ. ट्यूनिस शहरापासूनची ही अंतरे. बेरीज दीडशेच्या घरात जाते. ट्यूनिसच्या शेशिया बाजारात विकली जाणारी मऊ, लाल लोकरी टोपी, म्हणजेच शेशिया, परंपरेने या चारही ठिकाणचे हात लागल्याशिवाय तयार होत नसे.

अरियानातल्या बायका घरी बसून पांढऱ्या लोकरीची टोपी विणत. ही टोपी डोक्यावर बसेल त्यापेक्षा कितीतरी मोठी असे. अल-बतानला मेजेर्दा नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत ती गरम पाण्याने आणि साबणाने कुटली जाई, आटून नमद्यासारखी घट्ट होई. अल-आलियात काटेरी बोंडांनी घासून तिची लव वर काढत. मग झगवानला रंग चढे. तिथल्या झऱ्याचे पाणी रंगाईला उत्तम. रोमन लोकांनी हेच पाणी 132 किलोमीटर लांबीच्या कालव्याने कार्थेजला नेले होते. शेवटचा हात फिरे तो ट्यूनिसच्या दुकानात. म्हणून या बाजाराचा आवाका दुकाने मोजून कळत नाही, असे मला ठामपणे वाटते.

ही साखळी उभी राहण्यात स्पेनमधून आलेल्या निर्वासितांचा मोठा वाटा आहे. 1609 पासून तिथल्या मोरिस्कोंची, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांच्या वंशजांची, हकालपट्टी सुरू झाली. त्यांतले सुमारे 80,000 ट्यूनिशियात वसले, असा अंदाज सांगितला जातो. ते हुन्नर घेऊन आले आणि व्यापाराची जाळीही. लोकर स्पेनची, लाल रंगाचे किडे अमेरिकेतले, गिऱ्हाईक ऑटोमन साम्राज्यभर. सतराव्या शतकाच्या अखेरीस या धंद्यासाठी खास बाजार बांधला गेला.

उतरण का लागली, हे दोन सालांवरून बरेचसे उलगडते. 1829 मध्ये ऑटोमन सुलतान महमूद दुसरा याने सरकारी नोकरांना शेशियासारखीच लाल फेज टोपी सक्तीची केली. मागणी प्रचंड वाढली, पण फायदा ट्यूनिसच्या पदरात फारसा पडला नाही. इस्तंबूलने 1830 च्या दशकात स्वतःचा कारखाना काढला आणि ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या बोहेमियातून यंत्रावरचा स्वस्त माल येऊ लागला. चार गावे फिरून येणारी टोपी त्या भावात टिकणे शक्यच नव्हते. पुढे 1925 मध्ये तुर्कस्तानने फेज कायद्यानेच बंद केली.

आज मोजकेच कारागीर उरले आहेत. ट्यूनिसच्या जुन्या शहराला 1979 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले: सुमारे 280 हेक्टर, 700 च्या आसपास ऐतिहासिक वास्तू. शेशिया बाजार त्या हद्दीत आहे आणि ते योग्यच झाले. पण विणकाम, कुटाई, घासणी आणि रंगाई ज्या चार ठिकाणी होत असे, त्यांतले एकही त्या हद्दीत नाही.