मांसाला धुरी: विजेच्या पेटीत
बेल्ह्याच्या आठवडे बाजारात मिळणारे सुके बोंबील समुद्रापासून इतक्या दूरही नासत का नाहीत? त्यांतले पाणी आटलेले असते, आणि पाण्यावाचून जीवाणू वाढत नाहीत. मांसाला धुरी दिली की धुरातील फिनॉलसारखी द्रव्ये जीवाणूंना रोखतात. पण मुख्यतः पृष्ठभागावरच. आतले जीवाणू मारते ती उष्णता. म्हणून धुरी देण्याची विजेची पेटी घेताना आधी थर्मोस्टॅट पाहावा. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जीवाणू झपाट्याने वाढतात. कोंबडीचे मांस आतून ७४ अंशांपर्यंत तापले पाहिजे. पेटी घराबाहेर, पण पावसापासून आडोशाला, अर्थिंग असलेल्या जोडणीवर ठेवावी. ढलप्या वाळलेल्या हव्यात. रंग दिलेले किंवा राळ असलेले लाकूड नको. मांसाच्या रंगावर विसंबू नये. तापमापी आत खुपसून पाहावी.