कटला, रोहू आणि त्यांची मिश्र संतति

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते व पूर्वेकडे वर्धा नदी वाहते. पुसदजवळचें पूस, दिग्रसजवळचें अरुणावती आणि बाभुळगांवजवळचें बेंबळा हीं धरणें, तशींच गांवोगांवचीं तळीं, यांत दर पावसाळ्यांत मत्स्यबीज सोडलें जातें. मासेमारीवर उपजीविका करणाऱ्या भोई कुटुंबांच्या सहकारी संस्था तळीं ठेक्यानें घेतात, बोटुकल्या विकत आणतात आणि वर्षभर त्यांच्या वाढीची वाट पाहतात. अशा वेळीं कटला म्हणून घेतलेलें बीज खरोखर कटल्याचेंच आहे काय, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा उरत नाहीं. त्यावर अनेक घरांची मिळकत अवलंबून असते.

कटला, रोहू व मृगळ हे तिन्ही मासे एका तळ्यांत सुखानें नांदतात, कारण त्यांचीं अन्नाचीं ठिकाणें निराळीं आहेत. कटला वरच्या थरांतील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरांत चरतो आणि मृगळ तळाशीं कुजलेला पालापाचोळा धुंडाळतो. या वांटणीवरच मिश्र मत्स्यशेतीचा सारा हिशेब उभा आहे. संकरित मासा मधलाच स्वभाव घेऊन येतो, आणि मग वरच्या थराचें अन्न पुरतें उपयोगांत येत नाहीं व मधल्या थरांत मात्र दाटी होते.

हा संकर घडतो कसा? हे मासे वाहत्या नदींत, पुराच्या पाण्यांत अंडीं घालतात. साध्या तळ्याच्या संथ पाण्यांत घालीत नाहींत. इ. स. 1957 सालीं हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनीं मस्तकग्रंथीच्या अर्काची सुई टोचून त्यांजकडून बंदिस्त पाण्यांत प्रजनन करविलें. तेव्हांपासून नदीच्या बीजावर विसंबून राहण्याची गरज सरली. परंतु माशांत अंडें व रेत यांचा संयोग शरीराबाहेर, पाण्यांतच होतो. एकाच हौदांत दोन जातींच्या जोड्या एकत्र सोडल्या तर एकीचीं अंडीं दुसरीच्या रेतानें सहज फळतात. तिन्ही जातींच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या 50 अशी समान असल्यामुळें हे संकर जगतात, आणि त्यांतील कित्येक पुढें स्वतः प्रजाहि निर्माण करतात.

आतां ओळखीच्या खुणा पाहूं. कटल्याचें डोकें मोठें, तोंड वर वळलेलें, खालचा ओठ जाड असतो. त्याला मिशा नसतात. पाठ करडी व पर काळपट असतात. रोहूचें डोकें लहान, तोंड किंचित् खालीं वळलेलें व ओठांची कड झालरीसारखी असते; मिशा अगदीं बारीक. त्याच्या खवल्यांवर तांबूस छटा असून पर लालसर दिसतात. मृगळ सडपातळ व रुपेरी असतो. त्याच्या ओठांना झालर नसते आणि खालच्या परांवर नारिंगी झांक असते. लहान वयांत मृगळाच्या शेपटीच्या बुडाशीं काळसर ठिपका ठळकपणें दिसतो.

रोहू व कटला यांच्या संकरांत या खुणा मध्यावर येतात. डोकें कटल्याहून लहान पण रोहूहून मोठें. अंग रोहूपेक्षां रुंद. तोंड ना वर ना खालीं, नाकासमोर. कटल्याच्या ओठांवर झालरीची पुसट रेघ वा बारीक मिशी आढळली, कीं संशय घ्यावा. अशी मधली स्थिति सर्वत्र आढळते. उत्तर अमेरिकेंतील सनफिश नांवाच्या माशांतहि कल्ल्यावरील काळा ठिपका, परांची पिवळी किनार व तोंडाची लांबी यांवरूनच संकर ताडतात.

मात्र केवळ रंगावर निवाडा करूं नये. गढूळ पाण्यांत मासा फिकट पडतो, स्वच्छ खोल पाण्यांत गडद होतो, विणीच्या काळांत पालटतो आणि मेल्यावर त्याची कांति जाते. म्हणून आधीं डोकें, मग तोंड व ओठ, त्यानंतर मिशा आणि शेवटीं रंग, असा क्रम ठेवावा. नुकत्याच फुटलेल्या जिऱ्यांत यांतलें कांहींच दिसत नाहीं. बोटुकली झाल्यावरच परीक्षा शक्य होते. पांढऱ्या थाळींत थोडें पाणी घालून, सावलींत, दहावीस पिलें पाहावींत. एकट्या पिलावरून निर्णय नको.

या परीक्षेलाहि मर्यादा आहे. संकरित मासा पुन्हा शुद्ध जातीशीं जुळला, तर तिसऱ्या पिढींतील मासा दिसण्यांत शुद्धच वाटतो. तेथें डोळ्यांचें काम संपतें व प्रयोगशाळेंतील आनुवंशिक तपासणीच उपयोगी पडते.

संकरित मासा खाण्यास अपायकारक नाहीं. रोहू-कटला संकराचें डोकें लहान असल्यानें त्यांत मांसहि बरेंच निघतें. दोष त्याच्या मांसांत नसून त्याच्या वंशांत आहे. असा मासा बाजारांत जावा, परंतु बीजकेंद्रांत जनक म्हणून ठेवूं नये. नाहींतर बीजाची शुद्धता पिढ्यान्‌पिढ्या ढळत जाईल; आणि धरणांतून निसटलेला मासा वर्धा, पैनगंगेच्या वाटेनें थेट गोदावरीपर्यंत पोहोंचूं शकतो. बीज निवडतांना खर्च केलेली एक घटका पुढच्या अनेक वर्षांचें नुकसान टाळते.