आरोप ते शिक्षा : सियालदहच्या खटल्यातून फौजदारी प्रक्रियेची ओळख

फौजदारी गुन्ह्याची झळ एका व्यक्तीला वा कुटुंबाला बसते. परंतु खटला मात्र शासनसंस्था चालवते. कारण असे कृत्य संपूर्ण समाजाच्या सुरक्षिततेवरील आघात मानले जाते. तथापि, शासनाने ठेवलेला आरोप आणि न्यायालयात सिद्ध झालेला गुन्हा यांत मोठे अंतर असते. हे अंतर कोणकोणत्या टप्प्यांनी पार केले जाते, हे कोलकात्यातील सियालदह येथील सत्र न्यायालयात चाललेल्या खटल्यावरून समजून घेता येते.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरचा मृतदेह आढळला. अत्याचार व हत्येच्या या प्रकरणात पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी एका नागरी स्वयंसेवकाला अटक केली. १३ ऑगस्टला कलकत्ता उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे (सीबीआय) सोपविला. राज्यघटनेनुसार 'पोलीस' हा विषय राज्यसूचीत, तर फौजदारी कायदा व प्रक्रिया समवर्ती सूचीत येते. राज्यात तपास करण्यासाठी सीबीआयला एरवी राज्य सरकारची संमती लागते. मात्र उच्च न्यायालय संमतीविनाही असा आदेश देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये पश्चिम बंगालच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले होते.

आरोपपत्र आणि आरोपनिश्चिती

या दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. आरोपपत्र हा तपास यंत्रणेचा निष्कर्ष असतो. या खटल्यात ते ७ ऑक्टोबर २०२४ रोजी दाखल झाले. आरोपनिश्चिती हे मात्र न्यायालयाचे कार्य आहे. पुरेसा आधार नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५० नुसार न्यायाधीश आरोपीला आरोपमुक्त करतात. आधार असेल, तर कलम २५१ नुसार आरोप निश्चित करून ते आरोपीला वाचून दाखवितात आणि गुन्हा कबूल आहे काय, असे विचारतात. सियालदह येथे हा टप्पा ४ नोव्हेंबरला पार पडला. आरोपीने गुन्हा नाकारला आणि ११ नोव्हेंबरपासून साक्षीपुराव्यास प्रारंभ झाला.

आरोपपत्राच्या मुदतीलाही महत्त्व आहे. गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत ते दाखल न झाल्यास अटकेतील व्यक्तीला जामिनाचा हक्क मिळतो. पुराव्यांशी छेडछाड केल्याच्या आरोपावरून याच प्रकरणात अटक झालेल्या अन्य दोघांना १३ डिसेंबर २०२४ रोजी या कारणाने जामीन मिळाला. असा जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा निर्वाळा नव्हे.

कलम आणि परिणाम

कोणत्या कलमाखाली दोष सिद्ध होतो, त्यावर शिक्षेची मर्यादा ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ नुसार बलात्कारास किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे. अत्याचारामुळे मृत्यू ओढवल्यास कलम ६६ नुसार किमान २० वर्षांपासून मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. कलम १०३(१) नुसार खुनास मृत्युदंड अथवा जन्मठेप आहे. १८ जानेवारी २०२५ रोजी आरोपी या तिन्ही कलमांखाली दोषी ठरला. सीबीआयने मृत्युदंड मागितला होता. परंतु १९८० च्या बच्चनसिंग निकालातील 'दुर्मिळातील दुर्मिळ' या निकषात हे प्रकरण बसत नाही, असे न्यायाधीशांनी नमूद केले. २० जानेवारीला आमरण कारावास व ५०,००० रुपये दंड ठोठावण्यात आला. पीडितेच्या कुटुंबास १७ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेशही राज्य सरकारला देण्यात आला.

शिक्षा अपुरी असल्याचे सांगत राज्य सरकार आणि सीबीआय या दोघांनीही उच्च न्यायालयात धाव घेतली. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने सीबीआयचे अपील दाखल करून घेतले व राज्याचे फेटाळले. तपास केंद्रीय यंत्रणेचा असल्याने अपिलाचा अधिकारही केंद्राकडे जातो, हा त्यातील अर्थ. शासनाचा संताप कितीही रास्त असला, तरी त्याला कायद्याने आखलेल्या मार्गानेच जावे लागते. आरोपीला मिळणारे संरक्षण आणि पीडितेला मिळणारा न्याय ही दोन्ही याच मार्गावर अवलंबून आहेत.